जपानमध्ये पारंपरिक काय काय खावं? (सोबत शाकाहारी सासूबाई)

मृण्मयी_के
नोव्हेंबरात जपानला चाललो आहोत. तोक्यो, क्योतो आणि ओसाका ठरलंय, मधले काही दिवस अजून मोकळे आहेत. विमान, हॉटेलं, रेल्वे सगळं झालं. अडलंय ते खाण्यापाशी.

मंडळी अशी: मी सगळं खाते. नवऱ्याला मासे जीव की प्राण, पण बीफ-पोर्क नाही. सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंही नाही, पण नवीन चव घ्यायची हौस माझ्याहून दांडगी. "तिकडे जाऊन रोज वरणभातच गिळायचा असेल तर मी कोथरूडला बरी आहे," हे त्यांचंच वाक्य. म्हणून भारतीय हॉटेलांची यादी नको. तिथले जुने पदार्थ कोणते, कुठे खावेत, आणि त्यातलं सासूबाईंच्या पानात काय वाढता येईल ते सांगा. सुशी-रामेन मलाही माहीत आहे, त्यापुढचं लिहा.

रिकामटेकडी
रुमाल टाकून ठेवतेय. आम्हीही पुढच्या वर्षी.

स्पष्टवक्ता
थेपले, मेतकूट आणि दडपे पोह्यांची तयारी न्या, देवळं बघा, परत या. अंडंही न खाणाऱ्याने जपानात पारंपरिक जेवण शोधणं म्हणजे तिकीट काढून उपास करणं आहे.

ओसाकाकर
स्पष्टवक्ते, इतकंही वाईट नाही हो. बरीच वर्षं इथे राहतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मृण्मयीताई, इथे अडचण मांसाची नाही, ते ताटात दिसतं. अडचण 'दाशी'ची आहे. दाशी म्हणजे सगळ्या जपानी स्वयंपाकाच्या बुडाशी असलेलं पाणी. कोंबू नावाचं जाड समुद्री शेवाळ पाण्यात भिजवायचं, हळूहळू तापवायचं, उकळी फुटायच्या आत बाहेर काढायचं. मग त्यात कात्सुओबुशीच्या पापुद्र्यांची मूठ टाकायची आणि गाळून घ्यायचं. कात्सुओबुशी म्हणजे बोनिटो मासा, उकडून, धुरी देऊन, बुरशी चढवून महिनोन्महिने वाळवलेला. लाकडाच्या ढलपीइतका कडक होतो, रंध्यावर किसावा लागतो. ते गाळलेलं सोनेरी पाणी मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) सूपमध्ये, उदोनच्या म्हणजे गव्हाच्या जाड शेवयांच्या रश्श्यात, सोबाच्या शेवयांबरोबरच्या सॉसमध्ये, शिजवलेल्या पालकावर, तळलेल्या वांग्यावर, सगळीकडे असतं. म्हणजे वांग्याची वाटी समोर आली, त्यात मासा औषधाला दिसत नाही, पण असतो.

तेव्हा आधी सासूबाईंना विचारा: दाशी चालेल का? उत्तर 'हो' असेल तर अर्धा जपान उघडला. 'नाही' असेल तर वाट अरुंद आहे, पण त्या वाटेवर जे मिळतं ते फार सुंदर आहे. तिच्यावर दुसऱ्या प्रतिसादात लिहितो, आता जेवायची हाक आली.

खादाडखाऊ
विचारायचं कशाला? मासा दिसत नाही, वास येत नाही. मागवा, खाऊ द्या, गप्प बसा. आमच्या टूरमध्ये सगळ्या काकवा मिसो सूप भुरकत होत्या, कुणाचं काय बिघडलं?

माई_ठाणे
खादाडखाऊ, हे पटलं नाही. त्या सत्तरीच्या बाईंनी आयुष्यभर एक गोष्ट पाळली, ती त्यांच्या नकळत मोडायचा हक्क सुनेला नाही, टूरवाल्याला नाही आणि तुम्हाला तर नाहीच. आपणहून 'चालेल' म्हणाल्या तर गोष्ट वेगळी. मी स्वतः चालवून घेतलं, पण ते मला सांगून झालं.

खादाडखाऊ
बरं बाई, कान पकडले. हलके घ्या.

दर्यावर्दी
अवांतर: कात्सुओबुशीचा भाऊ आपल्याकडेही आहे. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर तोच जातभाई मासा उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवून ठेवतात, त्याला 'मास' म्हणतात. तिकडची माणसं तो खोबऱ्याबरोबर खातात. बुरशी चढवायचा भाग मात्र जपान्यांचाच.

तोक्योतली_सून
मी निशी-कासाईला राहते. इथे इतके भारतीय आहेत की संध्याकाळी स्टेशनाबाहेर मराठी कानावर पडतंच. आई-बाबा आले की दरवेळी हीच कसरत असते, म्हणून रोजच्या कामाचं तेवढं सांगते.

'मी शाकाहारी आहे' एवढं सांगून भागत नाही. समोरचा मान डोलावतो आणि वर सुक्या माशाचे पापुद्रे भुरभुरवून आणतो. मांस, मासे, अंडं, माशाची दाशी, हे एकेक नाव जपानीत लिहिलेलं कार्ड छापून घ्या आणि बसायच्या आधी दाखवा. मागवल्यावर नाही. लोक खूप भले आहेत. जमणार नसेल तर हात जोडून तसं सांगतात, पण ऐन गर्दीत एका माणसासाठी वेगळा रस्सा करत नाहीत.

कोन्बिनीतल्या (कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातल्या) ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या मुटक्यांत, उमेबोशीची (खारवलेल्या आंबट फळाची) किंवा नुसत्या मिठाची बघा. तरी पाकीट उलटून फोनच्या भाषांतरावर धरा, उमेबोशीतही कधी माशाचा अर्क निघतो. आणि जपानी करी राईस दिसला की आपल्या माणसांना घरचं दिसल्यासारखं होतं! थांबा. 'भाज्यांची करी' लिहिलेलं असलं तरी त्या मसाल्याच्या वड्यांत बहुतेकदा बीफ किंवा पोर्कची चरबी असते. हे नवऱ्यासाठीही.

घरून काही आणत असाल तर मांसाचे पदार्थ, ताजी फळं-भाज्या नकोत. कढीपत्त्याची ताजी जुडीसुद्धा विमानतळावर काढून घेतात.

नंदू_प्र
करीवरून आठवलं. तोक्योत शिंजुकूला नाकामुराया आहे, तिथे १९२७पासून भारतीय पद्धतीची करी मिळते. ती आणली रासबिहारी बोस यांनी. व्हाइसरॉय हार्डिंग्जवरच्या बाँबहल्ल्यानंतर ते क्रांतिकारक जपानला निसटले, नाकामुरायाच्या सोमा कुटुंबाने त्यांना लपवलं, पुढे त्यांच्याच मुलीशी लग्न झालं. नवऱ्याने तिथे चिकन करी खावी आणि दोन मिनिटं इतिहासाला द्यावीत.

स्पष्टवक्ता
म्हणजे शेवटी करीवरच आलात ना? मी काय म्हणत होतो.

ओसाकाकर
आता अरुंद वाटेबद्दल. तिचं नाव शोजिन र्योरी, बौद्ध मठांचं जेवण. मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, कांदा-लसूणही नाही. दाशी फक्त कोंबू आणि सुक्या शिताके अळंबीची. सासूबाईंनी काहीही न विचारता पुढ्यात आलेलं सगळं खावं असं जपानात एकच ठिकाण असेल तर हे. क्योतोत आराशियामाला तेन्र्यूजी मठाच्या आवारात शिगेत्सु आहे, दुपारचं जेवण, आधी नाव नोंदवून. उजीला मानपुकुजीमध्ये फुचा र्योरी मिळतं, ते त्याच घराण्यातलं पण चिनी वळणाचं, मोठ्या थाळीतून सगळ्यांनी वाटून घ्यायचं.

पण वेळ असेल तर कोयासानला एक रात्र काढाच.

प्रवासी_पक्षी
+१ कोयासान. आम्ही दोघं तिथे राहून आलो आहोत.

ओसाकाच्या नांबाहून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून केबल कार थेट डोंगरावर. कूकाई या बौद्ध भिक्षूने ८१६ साली वसवलेलं मठांचं गाव आहे, आजही पन्नासेक मठांत मुक्काम करता येतो. संध्याकाळी साडेपाच-सहालाच जेवण. आपल्या पोटाला तेव्हा चहाची वेळ वाटते, पण पहाटेच्या प्रार्थनेला उठायचं असतं.

आमच्या खोलीत एक तरुण भिक्षू लाखेचे बुटके चौरंग घेऊन आला. प्रत्येकावर पाच-सहा झाकणाच्या वाट्या. एकीत गोमादोफू, नावात तोफू असला तरी सोयाबीन नाही त्यात. तीळ मऊ वाटून कुझू नावाच्या कंदाच्या सत्त्वात शिजवून घोटतात, गार झाल्यावर वडी पडते. वर बोटाच्या नखाएवढा वासाबी आणि सोया सॉसचे दोन थेंब. चमच्याला लागतो न लागतो तोच जिभेवर पसरतो, तिळाचा वास मात्र बराच वेळ मागे राहतो. दुसरीत कोयादोफू, म्हणजे थंडीत गोठवून वाळवलेला तोफू, रश्श्यात फुगवलेला. दाताखाली आला की सगळा रस सुटतो. भाज्यांचा तेम्पुरा, लोणचं, भात, चहा. तिखटाचं नाव नाही. पहिल्या पाच मिनिटांत बायको म्हणाली, "अळणी आहे." ताट संपताना लोणच्याची वाटी पुसून घेत होती.

नोव्हेंबरात तिथे कडाक्याची थंडी असते, सासूबाईंना लोकरीचे मोजे द्या. खाली बसून जेवायचं असतं, गुडघे दुखत असतील तर नोंदवतानाच खुर्ची मागा.

पेठेतला
कोयासान ज्या वाकायामा प्रांतात आहे त्याच्याशी महाराष्ट्र सरकारचा २०१३मध्ये सहकार्याचा करार झालाय. आणि आपल्या पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाचं मूळ जपानात ओकायामाला, कोराकुएन बाग. बागेत फोटो काढणारे पुणेकर तिथे जाऊन काय खावं हे कधी विचारत नाहीत, म्हणून सांगतो: बाराझुशी. तिथल्या इकेदा घराण्यातल्या सरदाराने काटकसरीचा हुकूम काढला, जेवणात एक सूप आणि एकच तोंडीलावणं. लोकांनी मासे, कोळंबी, भाज्या तळाशी रचल्या आणि वर भात पसरून साळसूदपणे जेवायला बसले. अशी दंतकथा आहे, पण आम्हा पेठेतल्यांना ती लगेच पटली.

वऱ्हाडी_ठसका
सगळं ठीक हाय भाऊ, पण तिखट? आमाले तर ठेचा सोबत नेल्याबिगर तिकडं करमायचं नाही.

तोक्योतली_सून
ठेचा आणा, पण शिचिमी पण घ्या. मिरची, तीळ, संत्र्याची साल, सान्शो (आपल्या तिरफळाचा भाऊ) वगैरे सात जिन्नसांचं भुरभुरीत चूर्ण. तोक्योत आसाकुसाला यागेनबोरीचं दुकान १६२५पासूनचं आहे, तुमच्यासमोर तुम्हाला हवं तितकं तिखट मिसळून देतात. मोठ्यात मोठं तिखट मागा. तरी तुम्हाला फिकंच वाटेल.

शणै_मडगांव
मिरचीचा विषय निघाला म्हणून आमच्या गोंयची बाजू मांडतो. पोर्तुगीजांनी आमच्याकडे मिरची आणली, जपानला तळण दिलं. तेम्पुरा हा पारंपरिक जपानी पदार्थ म्हणून सगळे खातात, पण पिठात बुडवून तळायची ती रीत सोळाव्या शतकात नागासाकीच्या वाटेने आली. सेंट झेवियर १५४९मध्ये गोव्याहूनच जपानला गेला, बरोबर आंजिरो नावाचा जपानी होता, त्याचा बाप्तिस्मा गोव्यात झालेला. नागासाकीचा कास्तेला केकही त्याच पोर्तुगीज घरातला, फक्त अंडं असतं, आजींना चालणार नाही.

तेम्पुरा खायचा तर तळणाऱ्यासमोरच्या बाकावर बसून. एकेक तुकडा कढईतून थेट पानात येतो. रताळं, कमळकाकडी, शिसोचं पान, तळून झाल्या झाल्या मिठात टेकवून. ताट भरून आणलेला तेम्पुरा आणि हा, यांत फार फरक आहे.

माई_ठाणे
पण भाजीचा तेम्पुरा कोळंबीच्याच तेलात तळतात आणि पिठात अंडं असतं हो. आजींना तोही मठातलाच.

शणै_मडगांव
बरोबर माई. ते विसरून चालणार नाही.

विनायकी
इतका वेळ वाचत होते, आता राहवेना. कुणी मोदकाचं कसं सांगितलं नाही?

जपानात गणपती आहे, कांगितेन किंवा शोतेन नावाने. मूर्ती बहुतेक ठिकाणी झाकलेली असते, दर्शन होत नाही. क्योतोत गिओनजवळ कामेया कियोनागा हे १६१७पासूनचं मिठाईचं दुकान आहे, तिथे सेइजो कांकिदान मिळतं. हा त्याच्या नैवेद्याचा पदार्थ. थांग राजवटीच्या काळात चीनमार्गे बौद्ध धर्माबरोबर जपानात पोचलेला. पिठाच्या पारीत लाल चवळीसारख्या आझुकी दाण्यांचं गोड पुरण, पुरणात चंदनासारखी सात सुगंधी द्रव्यं, वर चुण्या घालून पुरचुंडीसारखं तोंड बांधलेलं, आणि तिळाच्या तेलात सावकाश तळलेलं. पाकीट उघडलं की आधी उदबत्तीचा वास येतो, मग तेलाचा. चव सगळ्यांना आवडेलच असं नाही, माझ्या मुलाने 'देवघर खाल्ल्यासारखं वाटतंय' असा अभिप्राय दिला. आणि भयंकर कडक असतं! दात सांभाळून, आधी फोडून घ्यावं.

तोक्योत आसाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेनला तर देवापुढे मुळे वाहतात, जाडजूड पांढरे दायकोन. आपल्याकडच्या जुन्या मूर्तिशास्त्रातही गणपतीच्या एका हातात मुळा असतो.

रिकामटेकडी
देवघर खाल्ल्यासारखं =)) =))

खादाडखाऊ
हे खरंच माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

कोकणी_बगळा
सगळे आजींच्या मागे लागलेत, बिचाऱ्या नवऱ्याचं काय? मासे खाणाऱ्याने जपानात जाऊन शोजिन खायचं?

ओसाकाकर
बगळेबुवा, त्याच्यासाठी तर नोव्हेंबर म्हणजे दिवाळीच. जपानी माणूस 'काय खाऊ' यापेक्षा 'आत्ता कशाचे दिवस आहेत' असं आधी बघतो. हिरोशिमाचे कालवे या दिवसांत सुरू झालेले असतात. जपान समुद्राच्या बाजूला खेकड्याचा हंगाम नोव्हेंबरातच उघडतो. पाऊल शिकोकू बेटाकडे वळलं तर कोचीला कात्सुओ नो ताताकी, पेंढ्याच्या जाळावर बाहेरून करपवलेला, आतून कच्चा मासा, वर लसणाच्या जाड चकत्या.

ऊनागी, म्हणजे गोड्या पाण्यातली वाम, दोन्हीकडे खायला सांगा. तोक्योत ती पाठीकडून चिरतात आणि आधी वाफवून मग भाजतात, म्हणून लुसलुशीत. ओसाकाकडे पोटाकडून चिरून थेट निखाऱ्यावर, म्हणून कड कुरकुरीत. मी ओसाकाचा, त्यामुळे माझं मत विचारू नका.

ओसाकात ताकोयाकीही आलंच. आप्पेपात्रात करतात तसंच, फक्त आत ऑक्टोपसचा तुकडा आणि पिठात दाशी. १९३५मध्ये ओसाकाच्या आइझुया दुकानात सुरू झालं. बाहेरून निवलेलं दिसतं, आत लाव्हा असतो, पहिला घास अर्धा तोडून मगच.

कोकणी_बगळा
आणि ते बिवा तळ्याचं आंबवलेलं? फुनाझुशी? आपण सुकट-बांगड्यावर वाढलेले, आपल्याला झेपेल ना?

ओसाकाकर
सुशीचं मूळ रूप तेच. मीठ लावलेला मासा भातात दाबून वर्ष-वर्ष ठेवतात. पूर्वी भात फेकून द्यायचे, खायचा फक्त मासा. पातळ चकती, सोबत साके. वास जबर आहे. बगळेबुवांना झेपेल, शेजारी बसलेल्यांना झेपेल का ते बघा.

स्पष्टवक्ता
नात्तोबद्दल कुणीच बोलत नाहीये. सगळ्यांनी ठरवून टाळलंय का?

प्रवासी_पक्षी
मुद्दाम टाळलं. पण खरं सांगायचं तर नुसतं सोयाबीनच आहे, आंबवलेलं. सासूबाई खाऊ शकतात. पाकिटातल्या सॉसच्या पुडीत मात्र दाशी असते, ती बाजूला काढून मीठ घाला. तार सुटते, चिकटते, आणि ज्याला आवडतं त्याला रोज लागतं.

नंदू_प्र
सोबा राहिला. कुट्टूच्या पिठाच्या शेवया. शरदात नवं पीक आलं की दुकानांवर 'शिन सोबा'ची पाटी लागते, नोव्हेंबरात हमखास दिसेल. गार सोबा बांबूच्या जाळीवर येतो. शेवटी शेवया उकडलेलं गढूळ पाणी आणून देतात, ते उरलेल्या सॉसमध्ये ओतून प्यायचं. शेजारचे जोरात फुर्रर्र आवाज करतील, तुम्हीही करा. घरी ज्यासाठी धपाटे खाल्ले ते इथे राजरोस चालतं.

तोक्योतली_सून
सॉस माशाचा असतो, सासूबाईंनी साध्या सोया सॉसबरोबर खावा. शेवयांत कुट्टूबरोबर बहुतेकदा गहू असतो, म्हणजे उपासाला चालत नाही, आधीच सांगते! काहींना कुट्टूची जबर अ‍ॅलर्जी असते, तेही बघून.

मृण्मयी_के
काल रात्री हा सगळा धागा सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. खादाडखाऊंच्या प्रतिसादावर त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "याचा पत्ता आहे का?"

निर्णय त्यांनीच दिला. दाशी नाही. शोजिन हो, दोन्हीकडे. कोयासानची खोली आज नोंदवली, खुर्ची मागून. क्योतोला नानझेनजीच्या बाजूला युदोफू मिळतो असं वाचलं, गरम कोंबूच्या पाण्यातला तोफू, तो खायचाय. कांकिदान विकत घेऊन एक घरच्या गणपतीसाठी न्यायचं, बाकीचं फोडायला नवरा आहे. उरलेल्या वेळी भात, लोणचं आणि माझ्या पिशवीतलं मेतकूट. स्पष्टवक्ते, एवढ्यापुरतं तुमचं ऐकलं. नवरा ऊनागी दोन्हीकडे खाऊन निकाल देणार आहे.

एक शंका: युदोफूच्या बुडवायच्या सॉसमध्येही दाशी असते का?

ओसाकाकर
बहुतेक ठिकाणी असते. साधा शोयु (सोया सॉस) मागा, वर किसलेलं आलं आणि पातीचा कांदा घेऊन उत्तम लागतं. हवेत गारवा असतोच तेव्हा, गरमागरम खाववतं. आणि क्योतोत युबाही बघा, सोयाबीनच्या दुधावरची साय. ताजी, नुसत्या मिठाबरोबर.

खादाडखाऊ
काकूंना साष्टांग नमस्कार कळवा. पत्ता देणार नाही.

रिकामटेकडी
धागा ढापतेय जरा. आमचं फेब्रुवारीत होक्काइदो ठरतंय, लहान मुलं बरोबर. तिथे तिखट न लागणारं काय मिळेल?

वऱ्हाडी_ठसका
ताई, तिथं तिखट लागणारंच काय भेटते ते आधी इचारा.

तोक्योतली_सून
मका, बटाटा, दूध-लोणी, सगळं तिकडचंच. पण रिकामटेकडी, नवा धागा काढ, तिथे सविस्तर लिहिते.